फेनवे पार्कचं तिकीट काढताय? आधी खांब बघा!

एप्रिल लागला की बॉस्टनकडच्या वाचकांचे प्रश्न बदलतात. टॅक्स, व्हिसा, आईबाबांचा ट्रॅव्हल इन्शुरन्स सगळं मागे पडतं आणि "फेनवेला कुठे बसायचं" हे सुरू होतं. म्हणून या अंकात सगळे प्रश्न त्याच विषयाचे घेतलेत. ज्यांना गंधच नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो, फेनवे पार्क म्हणजे बॉस्टन रेड सॉक्स या बेसबॉल टीमचं घरचं मैदान, मेजर लीगमधलं सगळ्यात जुनं, आणि तिथे जास्त पैसे मोजले म्हणजे जास्त दिसेल हे गणित चालत नाही.

प्रश्न: सासू-सासरे साताऱ्याहून जूनमध्ये येतायत. सासरे पक्के क्रिकेटवेडे, बेसबॉल कधी पाहिलेला नाही. सासूबाईंचे गुडघे दुखतात, उन्हाचाही त्रास होतो. बजेटचं फार टेन्शन नाही, पण ॲपवर तो नकाशा बघून डोकं गरगरतंय. कुठली सीट घेऊ?
– एक वाचक, नेटिक

उत्तर: ताई, गरगरणारच, कारण तो नकाशा सपाट आहे आणि मैदान अजिबात सपाट नाही. हे स्टेडियम सुरू झालं 20 एप्रिल 1912 ला, टायटॅनिक बुडून जेमतेम पाच दिवस झाले होते. तेव्हा आजूबाजूच्या रस्त्यांमध्ये जेवढी जागा मिळाली तेवढ्यात ते बसवलंय, त्यामुळे एक बाजू लांब, एक आखूड, एका कोपऱ्यात भिंत उंचच उंच, असं सगळं वेडंवाकडं आहे. आणि मुख्य गोष्ट म्हणजे वरचं छप्पर लोखंडी खांबांवर उभं आहे आणि ते खांब प्रेक्षकांच्या मधेच आहेत. नवीन स्टेडियममध्ये हा प्रकार नसतो. इथे मात्र तुमच्या नाकासमोर खांब आला तर अख्खी मॅच मान कधी इकडे कधी तिकडे करत बघायची, म्हणजे भीमसेनजींच्या मैफिलीला जाऊन नेमकं हॉलच्या खांबामागे बसल्यासारखं, ऐकू सगळं येतं पण माणूस दिसत नाही.

आता रचना समजून घ्या. मैदानाला लागून फील्ड बॉक्स, त्यामागे लोज बॉक्स, मग एक आडवी येण्याजाण्याची वाट, आणि त्या वाटेच्या मागे छपराखाली ग्रँडस्टँड. ग्रँडस्टँडच्या सेक्शनचे नंबर उजव्या टोकाकडून 1 पासून सुरू होतात आणि डाव्या टोकाला 33 वर संपतात. 20 च्या आसपास तुम्ही होम प्लेटच्या, म्हणजे बॅटर उभा असतो त्या जागेच्या, बरोबर मागे असता. खांबांची भानगड ग्रँडस्टँडमध्ये, पुढच्या लोज बॉक्सवाल्यांच्या समोर खांब नसतो.

सासऱ्यांसाठी होम प्लेटच्या मागचीच जागा घ्या. क्रिकेट बघितलेल्या माणसाला बाजूने बसवलं तर त्याला फक्त "फेकला, मारला, पळाला" एवढंच दिसतं आणि नऊपैकी दुसऱ्याच इनिंगला तो जांभया द्यायला लागतो. मागून बसलं की पिचर, म्हणजे बॉल टाकणारा, आणि बॅटर एका रेषेत येतात, बॉल शेवटच्या क्षणी कसा खाली पडतो किंवा बाहेर सरकतो ते दिसतं, आणि मग ते स्वतःच म्हणतील की अरे हा तर फुलटॉसच स्विंग करतोय! समोर जाळी असते, पण ती पाच मिनिटांत डोळ्यांना दिसेनाशी होते, आणि वयस्कर माणसं सोबत असताना ती असलेलीच बरी, फाउल बॉल, म्हणजे रेषेबाहेर गेलेला फटका, फार जोरात येतो हो.

सासूबाईंच्या गुडघ्यांसाठी लोज बॉक्सच्या वरच्या, म्हणजे मागच्या ओळी. त्या आडव्या वाटेवरून थोड्याच पायऱ्या उतरायच्या, झालं. फील्ड बॉक्समध्ये अगदी पुढे घेतलं तर प्रत्येक वेळी बाथरूमला जाताना तेवढ्या सगळ्या पायऱ्या चढाव्या लागणार. आणि ग्रँडस्टँडच्या मागच्या ओळींत उलट वर चढत जावं लागतं, शिवाय तिथे छपराची कड एवढी खाली येते की उंच उडालेला बॉल मधेच गायब होतो, खाली सगळे लोक वर बघून ओरडतायत आणि आपल्याला दिसतंय छपराचं लाकूड. चालायला खूपच त्रास असेल तर व्हीलचेअरवाल्यांसाठी आणि सोबतच्यांसाठी वेगळ्या जागा असतात, त्या ॲपवर शोधत बसू नका, तिकीट ऑफिसला सरळ फोन करा.

उन्हाचं म्हणाल तर संध्याकाळी सूर्य थर्ड बेसच्या, म्हणजे होम प्लेटमागून बघताना डाव्या, बाजूच्या मागे उतरतो. म्हणून होम प्लेटपासून थर्ड बेसकडे सावली लवकर येते आणि समोरच्या उजव्या बाजूला सूर्य तोंडावर. जूनमध्ये बॉस्टनला सव्वाआठच्या सुमारास मावळतो म्हणजे सातच्या मॅचला पहिला तासभर हे ऊन असणारच. रेड सॉक्सचा डगआउट, म्हणजे खेळाडूंची बसायची जागा, फर्स्ट बेसच्या, म्हणजे उजव्या, बाजूला आहे, पण खेळाडू थुंकताना बघण्यापेक्षा सावली बरी, नाही का.

वेळेची काळजी करू नका. 2023 पासून पिचरला घड्याळ लावलंय, ठराविक सेकंदांत बॉल टाकावाच लागतो, त्यामुळे मॅच पूर्वीसारखी साडेतीन तास रेंगाळत नाही, बहुतेक वेळा अडीच-पावणेतीन तासांत मोकळे होता. आठव्या इनिंगच्या मधे मात्र सगळं स्टेडियम मिळून एक गाणं म्हणतं, त्याआधी सासूबाईंना उठवू नका, पुढे महिनाभर सांगण्यासारखं तेच असतं.

प्रश्न: मी वूस्टरला एमएस करतोय. आम्ही चार जण, खिशात खडखडाट. एक मित्र म्हणतो उजव्या बाजूचा ग्रँडस्टँड सेक्शन 5-6 घे, स्वस्त आहे आणि छप्पर पण आहे. दुसरा म्हणतो ब्लीचर्स. कोणाचं ऐकू?
– एक विद्यार्थी

उत्तर: दुसऱ्याचं ऐक रे बाबा.

सेक्शन 1 ते 10 च्या आसपासच्या खुर्च्यांची गंमत अशी की त्या होम प्लेटकडे वळवलेल्याच नाहीत. तू सरळ बसलास तर तुझ्या समोर येतं सेंटर फील्डचं गवत, आणि खरा खेळ चाललेला असतो तुझ्या डाव्या हाताला लांब. म्हणजे नऊ इनिंग मान डावीकडे. आणि वर सांगितलं तसं संध्याकाळचा सूर्य पण त्याच बाजूने, म्हणजे मान वळवली की ऊन डोळ्यात. त्यात मधे खांब आला तर विचारूच नको. आणि त्या निळ्या लाकडी खुर्च्या! 1934 मध्ये स्टेडियमची मोठी दुरुस्ती झाली त्या काळातल्या, रुंदी जेमतेम 15 इंच. आजीच्या काळातल्या माणसांच्या मापाने केलेल्या आहेत, तुम्ही चौघं शेजारीशेजारी बसलात तर पॉपकॉर्न कोणाचा आणि हात कोणाचा कळणार नाही. बघायला सुंदर आहेत, फोटो काढ, पण बसायचं असेल तर होम प्लेटच्या मागे तरी घे.

ब्लीचर्स म्हणजे आउटफील्डच्या मागचा उघडा भाग, सेक्शन 34 ते 43. खांब नाही, छप्पर नाही, लांब आहे पण सगळं मैदान समोर मोकळं. सेंटरच्या जवळचे सेक्शन मिळाले तर टीव्हीवर दिसतं तसं पिचरच्या पाठीमागून दिसतं. उजवीकडच्या खालच्या ओळी मिळाल्या तर समोरच बुलपेन, तिथे पुढचा पिचर वॉर्मअप करत असतो, त्याचा बॉल कॅचरच्या ग्लोव्हमध्ये बसतो तो आवाज एकदा ऐकच. टीव्हीवर तो कधीच कळत नाही.

दुपारची मॅच घेतलीस तर एक गोष्ट बघ. सेंटरमधल्या सेक्शन 35 च्या भागावर काळपट ताडपत्री अंथरलेली असते, तिकीटच विकत नाहीत. कारण बॅटरला पांढरा बॉल दिसायला मागे गडद काहीतरी लागतं, तिथे पांढरे टीशर्ट घातलेली पब्लिक बसली तर बॉल त्यात हरवतो. आपल्याकडची साइटस्क्रीनच, फक्त इथे तिच्यासाठी चालू सीट बंद ठेवतात. रात्री तीच जागा विकतात, म्हणून या स्टेडियमची क्षमता दिवसा वेगळी आणि रात्री वेगळी छापलेली असते. दोन्ही वेळा 37,000 च्या वरच, पण आजच्या स्टेडियमच्या मानाने हे लहानच.

आणि ब्लीचर्सच्या सगळ्या हिरव्या खुर्च्यांमध्ये एकच लाल खुर्ची दिसेल, सेक्शन 42, रो 37, सीट 21. 9 जून 1946 ला रेड सॉक्सच्या टेड विल्यम्सने मारलेला होमरन, म्हणजे आपला सिक्सरच, तिथे पडला, 502 फूट, तिथे बसलेल्या प्रेक्षकाच्या स्ट्रॉ हॅटवर आदळला म्हणतात. त्या खुर्चीपासून होम प्लेटकडे बघ आणि मग सांग हे माणसाचं काम आहे का. बऱ्याच खेळाडूंनीही यावर शंका घेतलीय म्हणे, पण खुर्ची लालच आहे.

तिकीट एप्रिल-मेच्या मंगळवार-बुधवारचं बघ, न्यूयॉर्क यांकीज सोडून कुठलीही टीम. भाव मागणीप्रमाणे हलतात. फक्त एप्रिलमध्ये रात्री ब्लीचर्सला थंडी हाडात शिरते, जाकीट, टोपी, सगळं घे, उगाच हिरोगिरी नको. उभं राहून बघायची तिकिटंही असतात, चार तरुण पोरांना काय फरक पडतो, तेही बघून ठेव. आणि गाडीने जाऊ नकोस, पार्किंगच्या पैशात अजून दोन तिकिटं येतील. वूस्टरहून कम्यूटर रेल घेतलीस तर ती स्टेडियमच्या शेजारी लॅन्सडाउनला सोडते, बदलायची पण गरज नाही. परतीची गाडी किती वाजता ते मात्र आधी बघ.

प्रश्न: आठ वर्षांच्या मुलाला त्या हिरव्या भिंतीच्या वरच बसायचंय, यूट्यूबवर बघितलंय त्याने. रिसेलला भाव बघून चक्कर आली. खरंच एवढं भारी असतं का?
– एक वाचक, ॲक्टन

उत्तर: भारी आहेच, खोटं कशाला बोलू. पण आठ वर्षांच्या मुलासाठी आणि त्या पैशात? माझं मत नाही असं आहे.

ती भिंत म्हणजे ग्रीन मॉन्स्टर, 37 फुटांच्या वर उंच, आणि होम प्लेटपासून डावीकडे फक्त 310 फुटांवर. जागाच नव्हती हो, मागे लगेच लॅन्सडाउन स्ट्रीट. पूर्वी वर जाळी होती, 1936 मध्ये लावलेली, समोरच्या दुकानांच्या काचा वाचाव्यात म्हणून. ती काढून 2003 मध्ये वर सीट टाकल्या. थोड्याच आहेत म्हणून भाव तसे.

पण वर बसल्यावर एक गोष्ट दिसत नाही, ती म्हणजे ती भिंतच! बॉल भिंतीवर धाडकन आदळतो, खाली लेफ्ट फील्डर त्याचा अंदाज घेत पळतो, बॉल कुठे उसळेल ते त्याला माहीत असतं आणि पाहुण्या टीमच्याला नसतं, बॅटर दोन बेस घ्यावे की एकावर थांबावं या विचारात, फेनवेतला निम्मा थरार हाच आहे आणि तो नेमका तुमच्या पायाखाली चाललेला असतो. दुसऱ्या स्टेडियममध्ये सहज होमरन झाला असता असा फटका इथे भिंतीला लागून परत येतो, आणि दुसरीकडे साधा कॅच झाला असता असा बॉल इथे भिंतीच्या वरून जातो. हे बघायचं तर भिंतीवर नाही, भिंतीच्या समोर बसायला हवं, म्हणजे फर्स्ट बेसच्या बाजूला, लोज बॉक्स किंवा सेक्शन 14 ते 18 च्या आसपासचा ग्रँडस्टँड, खांब तपासून. तिथून तो जुना स्कोअरबोर्ड पण दिसतो, अजून हाताने चालवतात, भिंतीच्या आत माणसं बसलेली असतात आणि नंबरच्या पाट्या लावतात. आत बाथरूम नाही म्हणे, ही माहिती मुलाला नक्की सांगा, आठ वर्षांच्या माणसाला यापेक्षा आवडणारं काही नसतं. भिंतीवर एक शिडी पण आहे, वरची जाळी होती तेव्हा त्यात अडकलेले बॉल काढायला चढायचे, आता काही उपयोग नाही पण ठेवलीय तशीच.

वर जायची हौस टूरने भागवा. स्टेडियमची टूर वर्षभर असते, त्यात साधारणपणे त्या वरच्या सीटवर नेतात, फोटो काढा, खाली बघा, तिकिटाच्या मानाने काहीच पैसे नाहीत.

बॉल मिळायला हवा असेल तर गेट उघडल्या उघडल्या आत शिरा, ग्लोव्ह घालून पुढच्या ओळींजवळ उभं करा त्याला. आता जाळ्या लांबपर्यंत आल्यात त्यामुळे फाउल बॉल पूर्वीसारखे मिळत नाहीत, पण इनिंग संपली की धावत परत येणारा फील्डर हातातला बॉल लहान मुलांकडे टाकतो, आणि तो ओरडणाऱ्यापेक्षा शांतपणे ग्लोव्ह दाखवणाऱ्याला जास्त वेळा मिळतो असं माझं निरीक्षण आहे. शेजारी बियर सांडणारी मंडळी नको असतील तर डाव्या टोकाच्या ग्रँडस्टँडमध्ये दारू न चालणारा फॅमिली भाग ठेवलेला असतो, तिकीट घेताना तेवढं विचारून घ्या. मोठी सॅक नेऊ नका, गेटवर अडवतात.

प्रश्न: रिसेलवर होम प्लेटच्या मागची दोन तिकिटं स्वस्तात मिळाली म्हणून खूश होतो, आता खाली बारीक अक्षरात "ऑब्स्ट्रक्टेड व्ह्यू" दिसलं. फसलो का? बदलून मिळेल का?
– एक वाचक, क्विन्सी

उत्तर: बदलून मिळणं अवघड, रिसेलचं तिकीट म्हणजे झालं ते झालं. पण लगेच कपाळावर हात मारू नका, खांब काय झाकतोय त्यावर सगळं आहे.

नुसता सेक्शन बघून चालत नाही, रो आणि सीट नंबर दोन्ही घ्या आणि सीटवरून काढलेले फोटो टाकणाऱ्या साइट आहेत तिथे तुमचीच सीट किंवा शेजारची शोधा. खांब जर उजव्या किंवा डाव्या फील्डरला झाकत असेल तर दुर्लक्ष करा, एक तुकडा गवत गेला तर काय बिघडतंय. पिचर किंवा होम प्लेट झाकत असेल तर मात्र वाईट, कारण दर वीस सेकंदांनी तुम्हाला तिथेच बघायचं असतं. एकाच ओळीत दोन खुर्च्या इकडे सरकलं तरी चित्र पूर्ण बदलतं. तुमच्या दोनपैकी एक वाईट आणि एक बरी असेल तर आलटून पालटून बसा, संसारात एवढं चालतंच. आणि खांबाच्या अगदी मागच्या ओळीपेक्षा बऱ्याच ओळी मागे असलात तर तोच खांब बारीक दिसतो, हेही लक्षात ठेवा.

ग्रँडस्टँडच्या पहिल्या एक-दोन ओळी असतील तर वेगळा त्रास, समोरच ती आडवी वाट, हॉटडॉग घेऊन फिरणारी जनता नेमकी दोन आउट असताना तुमच्यासमोर उभी राहून आपला सेक्शन शोधत असते. पाचव्या-सहाव्या इनिंगनंतर रिकाम्या जागा दिसल्या तर तिथल्या अशरला, म्हणजे जागा दाखवणाऱ्याला, नीट विचारा, बऱ्याचदा मान डोलावतात, पण न विचारता जाऊन बसू नका, उठवतात आणि चार लोकांसमोर उठवतात.

प्रश्न: आम्ही शिकागोवाले. हेच सगळं रिग्लीला लागू होतं का?
– एक वाचक, नेपरव्हिल

उत्तर: बरंचसं. रिग्ली फील्ड, म्हणजे शिकागो कब्जचं मैदान, 1914 चं, फेनवेनंतरचं सगळ्यात जुनं, आणि खांब तिथेही आहेत. फरक एवढा की तिथे वरचा मजला मोठा आहे, त्यामुळे खालच्या मजल्याच्या मागच्या ओळींत खांब पण आणि डोक्यावर वरच्या मजल्याचं छत पण, म्हणजे उंच बॉल गेला. मी तरी खालच्या मागच्या ओळींपेक्षा वरच्या मजल्याच्या अगदी पुढच्या ओळी घेईन, पैसे कमी, सगळं दिसतं, आणि 1937 मध्ये भिंतीवर लावलेल्या त्या वेली तिथूनच छान दिसतात. मे महिना उजाडेपर्यंत त्या वेलींना पानंच नसतात, एप्रिलमध्ये गेलात तर नुसत्या काटक्या बघून याल. तिथे दिवे 1988 मध्ये आले, आजही दुपारच्या मॅच भरपूर असतात, म्हणून ऊन जास्त महत्त्वाचं, थर्ड बेसकडे सावली आधी. आणि मिशिगन लेककडून वारा आत येत असेल तर जुलैतही विंडचीटर ठेवा.

प्रश्न: न्यू जर्सीहून येतोय, यांकीज विरुद्ध रेड सॉक्स. उंची सहा फूट दोन इंच. यांकीजची टोपी घालून गेलो तर चालेल का?
– एक वाचक, एडिसन

उत्तर: टोपी घाला, टोमणे ऐकायची तयारी ठेवा. आपला स्टार खेळाडू बेब रूथ यांकीजला विकल्याचा राग बॉस्टनवाल्यांनी 2004 पर्यंत धरला होता, 1918 नंतर तेव्हा कुठे पुन्हा वर्ल्ड सिरीज, म्हणजे लीगचं अजिंक्यपद, मिळाली, त्यामुळे तुमची टोपी म्हणजे किस झाड की पत्ती. सहा फूट दोन इंचाचे पाय त्या निळ्या लाकडी खुर्चीत मात्र मावणार नाहीत, ग्रँडस्टँड घेणार असाल तर वाटेकडेची खुर्ची घ्या नाहीतर ब्लीचर्स.